दुसऱ्या थांब्याला घ्यायचं नाव

कुपवाडला कारखान्यांच्या वसाहतीत आमची मंडळी जमते ती जागा आधी पावडर कोटिंगचं शेड होती. अजूनही उन्हाळ्यात पत्रा तापला की रंगाचा वास सुटतो. शटरच्या वर एक लाकडी क्रूस आहे आणि त्याच्याखाली पाटी आहे, ‘अँग्लिकन ख्रिस्ती मंडळी, उपासना रविवारी सकाळी नऊ वाजता’. पाटी वाचून कोणी ना कोणी आत डोकावतं. कोणाची बदली झालेली असते, कोणी गावाकडून कारखान्यात लागलेलं असतं. असं नवीन माणूस आलं की आमच्यातल्या एकानं त्याच्या शेजारी बसायचं, ही आमची पद्धत. कारण आमची उपासना पुस्तकातून चालते. पाळक एक ओळ म्हणतात, मंडळी पुढची म्हणते. मध्येच उठायचं असतं, मध्येच बसायचं असतं, मध्येच गुडघे टेकायचे असतात. नव्या माणसाला काही कळत नाही. मग ते लाजतं आणि पुन्हा येत नाही.

शेजारी बसायचं काम विजयमालाचं होतं. विजयमाला माझी बायको. मे महिन्यात ती गेली. आता ते काम मी करतो.

मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. बोलण्याचं काम माझं नाही. मंडळी सुरू झाली तेव्हा मी आलो तोही तिच्यामुळे. उपासना मला पाठ अशी कधी झालीच नाही. तिच्या लुगड्याचा काठ हलला की मी उठायचो आणि काठ खाली गेला की बसायचो. ती हे ओळखून होती. कधीकधी मुद्दाम अर्धवट उठायची, मी पुरता उभा राहिलो की खाली बसायची आणि पदराआड हसायची. “मिस्त्री, पुस्तकात बघा, माझ्याकडं काय बघताय,” म्हणायची.

ती बालवाडीत शिकवायची. त्यामुळे तिचं सांगणं पोरांना सांगितल्यासारखं असायचं. कोणी विचारलं, बाई, अँग्लिकन म्हणजे काय, तर ती म्हणायची, “कॅथलिकांसारखी वेदी, गावाकडच्या मंडळीसारखी गाणी, आणि सगळ्यांना बोलायला जागा.” प्रभुभोजनाची भाकर घ्यायला वेदीपुढं गेलं की हात कसे धरायचे ते ती करून दाखवायची. डावा हात खाली, उजवा वर, ओंजळीनं पाणी प्यायला बसल्यासारखे. प्याल्यातला द्राक्षाचा रस तीच करायची. बेदाणे रात्रभर भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे. आमच्याकडे सांगलीचे बेदाणे सोडून दुसरं काही चालायचं नाही.

आणि थांबे. प्रार्थनेत पाळक दोनदा थांबतात. त्या थांबण्याला विजयमाला थांबा म्हणायची, एस.टी.चा असतो तसा. पहिल्या थांब्याला आजाऱ्यांची नावं घ्यायची. कागद नाही, यादी नाही. ज्यानं त्यानं आपल्या जागेवरून आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मग सगळ्यांनी म्हणायचं, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” दुसऱ्या थांब्याला गेलेल्यांची नावं. तसंच मोठ्यानं. त्यावर सगळ्यांनी म्हणायचं, “प्रभू, तुझ्याजवळ विसावा दे.” नवीन लोक इथं बिचकायचे. मेलेल्या माणसाचं नाव कशाला, म्हणायचे. विजयमाला सांगायची, “शाळेत हजेरी असते न्हवं, तशी. पहिल्या थांब्याला इकडची हजेरी, दुसऱ्या थांब्याला तिकडची. कोणी गळलेलं नाही, एवढंच बघायचं.”

तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यायचो. तेव्हापासून पहिल्या थांब्याला मी तिचं नाव घ्यायला लागलो. ती शेजारी बसलेली असली तरी घ्यायचो. ती कोपरानं ढोसायची, “मी इथं आहे, जरा हळू.” पुढं तिला दवाखान्यातच ठेवलं आणि ती यायची बंद झाली. मी एकटा यायचो, नाव घ्यायचो आणि तडक दवाखान्यात जायचो.

तिला माती दिली त्यानंतरच्या रविवारी मी आलो. मल्हार पाळक म्हणाले, “आता आपल्यातल्या आजाऱ्यांची आठवण करू.” आणि माझ्या तोंडून नाव निघालं. विजयमाला. सवयीनं निघालं. सगळं शेड गप्प झालं. दफनाला यातले सगळे होते, पाळकांनी स्वतः माती टाकली होती. मग कोणीतरी सुरुवात केली आणि सगळे म्हणाले, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

ते ऐकलं आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तेवढंच बरं वाटलं. दुसऱ्या थांब्याला मी गप्प बसलो. पुढच्या रविवारी मी तेच केलं, आणि तेव्हा ते सवयीनं नव्हतं.

मल्हार पाळक घरी आले. वयानं माझ्या मुलासारखा माणूस. मी चहा केला तो इतका गोड झाला की त्यांनी दोन घोटांत संपवला, चव कळू नये म्हणून. मग म्हणाले, “सोपानकाका, मावशींच्या नावाबद्दल...”

मी म्हटलं, “तुम्ही पुढून तिचं नाव तिकडच्या थांब्याला घेतलंत तर मी परत येणार नाही.”

ते कपाकडे बघत राहिले. “मी घेणार नाही. कोणीच घेणार नाही. ते तुमचं आहे. तुम्हाला जमेल तेव्हा.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर नाही जमलं.” मग जाताना दारात थांबून म्हणाले, “नवीन लोकांशेजारी बसायला कोणी नाही हो. तुम्ही बसाल का?”

मी हो म्हटलं. तिचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं माझ्या जिवावर आलं. उठायचं कधी आणि बसायचं कधी हे मी पुस्तक घेऊन घरी बसून पाठ केलं. तिनं जे जे सांगितलेलं माझ्या कानावर होतं ते मी नव्या लोकांना सांगायला लागलो. हात कसे धरायचे ते दाखवायला लागलो. दुसरा थांबा मात्र मी सांगत नव्हतो. तिथं फक्त म्हणायचो, आता जरा गप्प बसायचं.

पावसाळा संपता संपता बनुबाई आल्या. मुलगा जोतीराम त्यांना फाटकात स्कूटरवरून उतरवून कामाच्या पाळीला निघून गेला. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, पायात मुलाच्या मोठ्या चपला. सत्तरीच्या पुढची बाई. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाहून आलेली. तिथल्या जुन्या मंडळीत आता चार-पाच घरंच उरली होती, म्हणून मुलानं इकडं आणलं होतं.

“सलाम भाऊ. हितं बसू का फुडं?”

“इथंच बसा. मी शेजारी बसतो. काही कळलं नाही तर विचारा.”

“आवं, मला काय कळायचं न्हाई? माझ्या सासऱ्यानं मंडळी चालवलीया.”

मी त्यांच्या हातात प्रार्थनापुस्तक दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

“ह्येच्यात काय हाय?”

“प्रार्थना. पाळक म्हणतील ती ओळ साधी आहे, आपण म्हणायची ती ठळक आहे.”

“देवाला वाचून दावता व्हय? आमच्या मंडळीचं मास्तर डोळं मिटून बोलाय लागलं की तास तास थांबायचं न्हाईत.”

याला विजयमालाचं उत्तर होतं, ते मी दिलं. “मनातलं काही सुचत नाही तेव्हा पुस्तकातलं कामाला येतं.”

“आमच्या मास्तरांना सुचलं न्हाई असं कवा झालंच न्हाई,” बनुबाई म्हणाल्या. “आमालाच भूक लागायची.”

मल्हार पाळक पांढरा झगा घालून आले. बनुबाई माझ्याकडे झुकल्या. “डाक्टर हाय का ह्यो?”

“पाळक आहेत.”

“एवढंसं पोरगं! जेवतं का न्हाई?”

पुढच्या रांगेतल्या दोघी हसल्या. पण बनुबाई शिकत होत्या. वाचता येत नव्हतं, तरी दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा ओळ म्हणत होत्या. मी उठलो की उठत होत्या. मला एकदम जाणवलं, ही बाई माझ्या पायजम्याकडे बघून उठते आहे. मला दुसरीकडं कुठंतरी बघावंसं वाटलं म्हणून मी छताच्या पत्र्याकडे बघितलं.

पहिला थांबा आला. मी हळूच सांगितलं, “आता आजाऱ्यांची नावं घ्यायची. आपलं कोणी असलं तर मोठ्यानं घ्या.”

“आमची म्हस लय आजारी हाय. शेजाऱ्याकडं ठिवून आल्ये. तिचं घिऊ?”

“घ्या की.”

“नगं. हसत्याली मानसं.”

एकानं आपल्या आईचं नाव घेतलं. कोणी भावाचं घेतलं. मी म्हटलं, “विजयमाला.” सगळे म्हणाले, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” बनुबाईही म्हणाल्या, आणि बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाल्या.

दुसरा थांबा आला. नावं निघायला लागली. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. “ही कुनाची नावं?”

“जुनी आहेत. इथं आपण गप्प बसायचं.”

उपासना संपल्यावर फाटकात त्यांनी मला गाठलं. “विजयमाला तुमची मालकीन का?”

“हो.”

“काय झालंय?”

“किडनी.”

“आगं बया. कुटं ठिवलंय?”

“मिरजेला.”

तेवढ्यात जोतीरामनं हॉर्न वाजवला आणि त्या गेल्या. मिरजेच्या दफनभूमीतच तिला ठेवलं होतं. खोटं काही बोललो नाही, असं मनाशी म्हणत मी घरी आलो. घरी येईपर्यंत ते मलाच पटेनासं झालं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दारात स्कूटर थांबली. मी बाहेर आलो. जोतीराम घामानं भिजलेला होता. मागं बनुबाई, मांडीवर पितळी डबा, त्याला फडक्याची गाठ. मंडळीच्या पाटीवरच्या नंबरवर फोन करून जोतीरामनं पाळकांना माझं घर विचारलं होतं. घराशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं.

“मामा, एक सांगा मला,” जोतीराम म्हणाला, “तुमच्या मिरजेत घरं जास्त हायत का दवाखानं? हिनं मला सकाळधरनं दारोदार फिरवलंय. जितं जाईल तितं, विजयमाला हाय का, विजयमाला हाय का. एका ठिकाणी एक विजयमाला घावली. ती बाळंतीण निघाली.”

“तिला भात दिला थोडा,” बनुबाई म्हणाल्या. “पर ह्यो तुमच्या मालकिनीचा हाय. भाऊ, तुमी वार्ड सांगितला न्हाई.”

त्या आत आल्या, खाली बसल्या आणि गाठ सोडायला लागल्या. आमच्याकडे दवाखान्यात माणूस असलं की डबा न्यायचा. नुसतं कसं आहे विचारून कोणी परत येत नाही. मला हे ठाऊक होतं, आणि तरी रविवारी फाटकात मला सुचलं नाही की ही बाई डबा करणार.

“मऊ भात हाय, मुगाचं पानी हाय,” त्या सांगत होत्या. “आळनी केलंय. किडनीला मीठ चालत न्हाई, व्हय न्हवं? माझ्या जावंला झालतं, म्हनून ठावं हाय. त्वांडाला चव न्हाई म्हनून बाई कुरकुरंल, पर दोन घास जात्याल.”

असाच डबा मी नेत होतो. असाच मऊ भात, असंच मुगाचं पाणी. विजयमाला एक घास घ्यायची आणि म्हणायची, “मिस्त्री, नुसतं बोट मिठाला लावून आणा. नर्सबाई बघत नाहीत.” मी कधी आणलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

घरात तिचा फोटो नव्हता. फ्रेम करायला टाकलेला मी आणलाच नव्हता. भिंतीकडे बघून बनुबाईंना काही कळायचा मार्ग नव्हता. मलाच बोलायला लागणार होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

“बाई,” मी म्हटलं, “ती मे महिन्यातच गेली.”

बनुबाईंचा हात झाकणावर तसाच राहिला. जोतीराम दारातून एक पाऊल मागं सरकला.

“गेली म्हंजी?”

“वारली.”

“आवं, मग परवाच्या रविवारी नाव...”

“ते मीच घेतो.”

“आजाऱ्यात?”

“हो.”

“आन सगळी मंडळी तुमच्या मागं म्हनती?”

“म्हणतात.”

त्यांनी झाकण परत लावलं. मग त्यांनी विचारलं, “शेवटाला लय तरास झाला का?”

कोणी मला हे विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, तुम्ही कसे आहात. मी खाली बसलो आणि सांगितलं. दोन्ही हात सुयांनी काळेनिळे झाले होते. शिर सापडायची नाही. मशीनवरून काढलं की थंडीनं दात वाजायचे. शेवटी शेवटी घरी आणली होती तेव्हा गाडीत बसवायला गेलो की माझा शर्ट धरायची आणि म्हणायची, आता नेऊ नका मला. लय झालं. त्या खाटेवर परत घालू नका. तरी मी एकदा नेलं. त्यानंतर नेलं नाही.

“मग सुटली न्हवं ती?” बनुबाई म्हणाल्या.

मी शर्ट ओढून सरळ केला.

“ती खाटंवरनं उठली, भाऊ. आन तुमी दर रविवारी तिला धरून पुन्यांदा खाटंवर घालताय.”

“आये, गप की,” जोतीराम दारातून म्हणाला.

“तू गप. तुला काय कळतंय?”

“तिकडच्या थांब्याला नाव घेतलं की ती गेली, असं होतंय मला,” मी म्हटलं.

“ती गेलीच हाय.”

एवढं सरळ मला कोणी बोललं नव्हतं. मला राग आला. या बाईला घरात घेतलं हेच चुकलं असं वाटलं. पण राग काढायला तोंड उघडलं आणि भलतंच झालं. दफनाच्या दिवशी मी रडलो नव्हतो. जोतीराम स्कूटरकडे निघून गेला. बनुबाई उठल्या नाहीत, काही समजूत घातली नाही, डब्याच्या फडक्याची घडी करत बसून राहिल्या.

मी तोंड धुऊन आलो तेव्हा त्यांनी विचारलं, “तो दुसरा थांबा. तो मेल्या मानसांचा असतो व्हय?”

“हो.”

“मला सांगितला न्हाई तुमी.”

“नाही सांगितला.”

“आमच्यात असलं काय नव्हतं. मानूस मातीत घातलं की चर्चमधी त्येचं नाव संपलं. मास्तर म्हनायचं, आता त्येच्यासाठी मागायचं काय ऱ्हायलं न्हाई. खरं बी असंल. पर मला काय मागायचं न्हवतं. एकदा ऐकायचं हुतं, बास.” त्यांनी फडक्याची घडी मांडीवर ठेवली. “माझा धनी जाऊन लय सालं झाली. हा जोतीराम रांगत हुता तवा.”

“मग रविवारी घ्या त्यांचं नाव.”

“मोठ्यानं घ्यावं लागतं?”

“मोठ्यानं.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी त्येंचं नाव कवा घेतलं न्हाई भाऊ. लगनात उखान्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतात व्हय कुनी?”

“काय नाव होतं?”

“ह्या बघा, लगीच फसवाय लागलं.” त्या हसल्या आणि डोळे पुसले. “जोतीरामला इचारा.”

जाताना डबा त्यांनी माझ्यासमोर सरकवला. “आनलाय तर तुमीच खावा. मीठ घ्या वरनं.”

मी खाल्ला. मीठ घेतलं नाही. घास घशाखाली जात नव्हते आणि ती हे महिनोन् महिने कशी खात होती ते मला त्या दिवशी कळलं.

डबा घासून ठेवला आणि मग अडकलो. भरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, एवढं मला माहीत होतं. विजयमाला त्यात काय घालायची ते मी कधी बघितलं नव्हतं. शेजारणींचे डबे यायचे, जायचे. माझं लक्ष नसायचं. मी सगळे डबे उघडून बघितले. पिठात किडे झाले होते. वरच्या फळीवर बेदाण्याची पुडी सापडली, प्रभुभोजनाच्या रसासाठी तिनं आणून ठेवलेली. गाठ तिच्याच हातची होती. ती गाठ मी सोडवत बसलो, तोडली नाही. अर्धे बेदाणे डब्यात घातले आणि पुडी पुन्हा बांधली. माझी गाठ तशी बसली नाही.

रविवारी बनुबाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. त्या नेमक्या विजयमालाच्या जागेवर बसल्या होत्या. त्यांना ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. डबा दिला. त्यांनी झाकण उघडून बघितलं, एक बेदाणा तोंडात टाकला आणि झाकण लावलं.

उपासना सुरू झाली. आम्ही उठलो, बसलो, गायलो. मल्हार पाळक म्हणाले, “आता आपल्यातल्या आजाऱ्यांची आठवण करू.”

नावं निघाली. एक, दोन, मग थांबली. सगळे माझ्यासाठी थांबले होते. मला ते पाठीवर जाणवत होतं. मी तोंड मिटून बसलो. मल्हार पाळकांनी पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली घातली. बनुबाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या, “आमची म्हस.” पुढच्या दोघी हसल्या, मग सगळे म्हणाले, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

मग दुसरा थांबा आला. “आपल्याआधी गेलेल्यांची आठवण करू.”

लोकांनी आपापली नावं घेतली. शेजारी बनुबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. आता पाळक पुढं जाणार असं वाटलं, पण ते थांबून राहिले.

“गेनबा,” बनुबाई म्हणाल्या.

फार हळू म्हणाल्या. पण शेड इतकं गप्प होतं की शटरजवळच्यांनाही ऐकू गेलं असेल. त्यांच्या मानेवर लाली चढली, नव्या नवरीसारखी. मग त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

“म्या घेतलं,” त्या म्हणाल्या. “आता तुमी.”

तसंच ढोसणं. त्याच बरगडीत.

“विजयमाला,” मी म्हटलं.

“प्रभू, तुझ्याजवळ विसावा दे,” सगळे म्हणाले. मी नाही म्हणालो, मला म्हणता आलं नाही. मला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी होईल, ती कुठंतरी जाईल आणि मला ते कळेल. तसं काही कळलं नाही. नाव घेऊन झालं होतं आणि ते परत घेता येणार नव्हतं. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. पुढं पाळक काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. घरी जायचं, कुलूप काढायचं, आत कोणी नसणार, एवढंच डोक्यात होतं. आणि मे महिन्यापासून ते तसंच होतं.

कोणीतरी माझी बाही ओढत होतं.

“भाऊ,” बनुबाई कुजबुजल्या, “सगळी आपल्यासाठी थांबल्यात. आता काय करायचं?”

मी पुस्तकाकडे बघितलं. अक्षरं दिसत नव्हती. पण हे मला पाठ होतं. नावं झाल्यावर शांती द्यायची असते. शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि तुला शांती असो म्हणायचं.

“आता उठायचं,” मी म्हटलं.

त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत बसल्या. मी उठल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या.

मग मी उठलो.